भातावरचा करपा आणि निसर्गातली औषधं

गौरी-गणपती उरकले की मावळातून मामांचा फोन ठरलेला. यंदाही आला. "अरे, भातावर डोळे आलेत बघ."

डोळे म्हणजे पानावरचे ठिपके. दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. एकदा नजरेत भरले की बांधावरूनही ओळखू येतात. हा करपा. पानावर आहे तोवर निदान हातात वेळ असतो. हीच बुरशी लोंबीच्या मानेवर बसली की मान काळी पडून मोडते, दाणे भरत नाहीत आणि लोंबी पांढरी, पोचट उभी राहते. त्याला मानमोडी म्हणतात, आणि शेतकरी घाबरतो तो तिला.

मामांचा पुढचा प्रश्न: "दुकानात एकानं बाटली दिलीय. शंभर टक्के नैसर्गिक म्हणतो. मारू का?"

बाटलीचा फोटो पाठवा म्हटलं. हिरवं पान, उगवता सूर्य, आणि आत नक्की काय आहे याबद्दल एक अक्षर नाही. त्यांना फोनवर जे तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, ते इथे सलग लिहितो. कारण 'नैसर्गिक औषध' हा शब्द आपण फार ढिलेपणाने वापरतो. त्याच्या पोटात एकमेकांशी काही नातं नसलेल्या चार-पाच गोष्टी येतात, आणि प्रत्येकीचं काम करण्याचं तंत्र वेगळं असतं.

आधी बुरशी एका रात्रीत काय करते ते पाहू. ते कळलं तर कुठलं औषध का लागू पडतं आणि कुठलं का पडत नाही, हे बरंचसं आपोआप कळतं.

करप्याचा बीजाणू, म्हणजे बुरशीचं डोळ्यांना न दिसणारं बी, वाऱ्यावर येतो आणि पानावर उतरतो. भाताचं पान मेणचट असतं, पाणीसुद्धा त्यावरून घरंगळतं. पण बीजाणूच्या टोकाला स्वतःचा डिंक असतो, तो चिकटून बसतो. दव किंवा पावसाचा ओलावा मिळाला की साधारण दोन तासांत त्याला कोंब फुटतो. पुढच्या काही तासांत त्या कोंबाच्या टोकाशी घुमटासारखी एक पेशी तयार होते. घुमटाच्या भिंतीवर मेलॅनिनचा काळा थर चढतो. आपल्या केसांना काळा रंग देणाऱ्या मेलॅनिनच्याच जातकुळीतला. आत ग्लिसरॉल साठतं, ते बाहेरचं पाणी ओढून घेतं, पण मेलॅनिनमुळे ग्लिसरॉल बाहेर पडू शकत नाही. घुमट फुगत जातो. आतला दाब ८ मेगापास्कलपर्यंत जातो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या तीस-पस्तीस पट. या दाबाच्या जोरावर खालून एक सुईसारखा तंतू पानाच्या कातडीत घुसतो. सगळं मिळून चोवीस तासांच्या आत. डोळे दिसतात ते चार-पाच दिवसांनी. म्हणजे मामांनी फोन केला तेव्हा चोर घरात शिरून आठवडा होत आला होता, आणि प्रत्येक डोळ्यातून रोज हजारो नवे बीजाणू उडत होते.

रात्रीचं दव, ढगाळ हवा, पंचवीस-अठ्ठावीस अंशांच्या आसपासचं तापमान आणि युरियाचा सढळ हात, एवढं जमलं की करप्याला आणखी काही लागत नाही.

बाजारात करप्यावरचं सर्वांत ओळखीचं रासायनिक औषध म्हणजे ट्रायसायक्लाझोल. ते बुरशीला मारत नाही, मेलॅनिनचा थरच चढू देत नाही. थर नाही तर दाब टिकत नाही आणि सुई घुसत नाही. औषध म्हणून नामी. पण युरोपीय संघाने तांदळातल्या त्याच्या अंशाची मर्यादा किलोला १ मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणली आणि २०१८ पासून उत्तरेकडच्या बासमती निर्यातदारांची धावपळ उडाली. 'दुसरं काही आहे का' हा प्रश्न अशा धक्क्यांनंतर जोरात विचारला जातो.

जपानला तो फार आधी विचारावा लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे करप्यावर पाऱ्याची सेंद्रिय संयुगं चुन्यात मिसळून धुरळली जात. करपा थांबायचा, पण पारा दाण्यात उतरायचा. त्याच काळात तिथल्या मिनामाता गावातली पाऱ्याची विषबाधा गाजत होती. तो पारा कारखान्यातून समुद्रात आणि माशांत गेलेला, भाताशी त्याचा संबंध नव्हता. पण पारा या शब्दाचीच लोकांना धडकी भरली. तेव्हा जपानी शास्त्रज्ञ वळले ते मातीकडे. मुठभर मातीत कोट्यवधी सूक्ष्मजीव जागेसाठी आणि अन्नासाठी एकमेकांशी भांडत असतात आणि त्या भांडणात रसायनं फेकत असतात. पहिल्या पावसानंतर जो मातीचा वास येतो, तो ज्या जिवाणूंमुळे येतो त्यांचं नाव स्ट्रेप्टोमायसिस. रसायनं बनवण्यात ही मंडळी सगळ्यांत तरबेज.

१९५८ मध्ये त्यांच्यातल्या एका जातीपासून ब्लास्टिसिडिन-एस मिळालं. करप्यावर जालीम. पाऱ्याची जागा घ्यायला ते शेतात उतरलं आणि शेतकऱ्यांचे डोळे लाल होऊ लागले, सुजू लागले. हे संयुग नुसतं बुरशीची प्रथिनं बनवण्याची यंत्रणा बंद पाडत नाही, माणसाच्या पेशीतलीही पाडतं. शंभर टक्के नैसर्गिक होतं, आणि चांगलंच विषारीही. ही गोष्ट मी मामांना मुद्दाम आधी सांगितली.

मग १९६५. हामाओ उमेझावा हे तिथले मोठे शास्त्रज्ञ. कॅनामायसिन हे प्रतिजैविक आधीच त्यांच्या नावावर होतं. नारा शहरातल्या कासुगा देवस्थानाच्या परिसरातल्या मातीतून त्यांच्या गटाला एक स्ट्रेप्टोमायसिस मिळाला. त्यापासून निघालेलं संयुग म्हणजे कासुगामायसिन. देवाच्या नावाचं औषध आपल्याकडेही कृषी सेवा केंद्रात आज मिळतं, फक्त तो देव कुठला हे विकणाऱ्याला ठाऊक नसतं. हेही प्रथिनं बनवण्याचं कामच थांबवतं, पण सस्तन प्राण्यांना त्याचा त्रास अगदी कमी. शिवाय ते भाताच्या पानात थोडं मुरतं, त्यामुळे आत घुसलेल्या बुरशीपर्यंतही पोचतं.

त्याच वर्षी पॉलिऑक्सिनही सापडलं. त्याची तऱ्हा निराळी. बुरशीच्या पेशीची भिंत कायटिनची असते. तेच कायटिन, जे कोळंबीच्या टरफलात असतं. पॉलिऑक्सिन दिसायला कायटिनच्या कच्च्या मालासारखं असतं. बुरशीचं विकर (एन्झाइम) फसून त्यालाच धरून बसतं आणि भिंतीचं बांधकाम थांबतं. भाताला कायटिन नाही, आपल्याला नाही, गाईबैलांना नाही. म्हणून ते बुरशीला लागतं आणि आपल्याला सोडून देतं.

माझं सगळ्यांत आवडतं मात्र व्हॅलिडामायसिन. ते करप्याचं औषध नव्हे, पर्णकोष करप्याचं. नावं सारखी असली तरी रोग निराळे. पर्णकोष करप्याची बुरशी खाचरातल्या पाण्याच्या रेषेपासून सुरू होते आणि बुंध्यावरून वर चढते, सापाच्या कातडीसारखे पट्टे उमटवत. ही बुरशी ट्रिहॅलोज नावाची साखर शिदोरी म्हणून बाळगते. पुढे सरकणाऱ्या टोकाला भूक लागली की शिदोरी सोडायची, साखर फोडायची आणि वापरायची. व्हॅलिडामायसिन ती साखर फोडणारं विकर बंद पाडतं. बुरशी मरत नाही. शिदोरी जवळ असून तिला ती खाता येत नाही. सरळ वर चढण्याऐवजी ती जागच्या जागी वेड्यावाकड्या फांद्या फोडत राहते आणि तोवर भात पुढे निघून जातो.

ज्या जिवाणूकडून हे औषध आलं, त्याच्याकडूनच व्हॅलिओलामाइन नावाचं एक संयुग मिळालं आणि त्यापासून व्होग्लिबोज तयार झालं. घरात कुणाला मधुमेह असेल तर गोळ्यांच्या पाकिटावर हे नाव शोधून बघा. तत्त्व तेच, साखर फोडणारं विकर अडवायचं. एकाच जिवाणूची देणगी भाताच्या बुंध्यावरही आणि भात खाणाऱ्याच्या आतड्यातही कामाला लागली आहे.

पण जपानच्या या कौतुकात एक खडा आहे. कासुगामायसिन वर्षानुवर्षं एकटंच वापरल्यावर, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच यामागाता प्रांतात त्याला न जुमानणारा करपा निघाला. औषध कारखान्यातून आलं की देवळाच्या मातीतून, हे बुरशीला कळत नाही. एकाच जागी सारखा घाव बसला की ती ती जागा बदलते.

इथे मामा मध्येच म्हणाले, "ते जपानचं राहू दे. आपल्या ओव्यानं, लसणीनं काय होतं का?"

होतं. ओव्यात थायमॉल असतं, लवंगेत युजेनॉल, दालचिनीत सिनामाल्डिहाइड, गवती चहात सिट्राल. ही तेलकट संयुगं बुरशीच्या पेशीच्या पातळ पडद्यात विरघळतात आणि तो पडदा गळका करतात. काचेच्या बशीत बुरशी वाढवून तिच्यावर ही तेलं टाकली की वाढ थांबलेली स्पष्ट दिसते. तिथे दिसतं ते खरंच असतं. अडचण बशीच्या बाहेर सुरू होते.

चिमूटभर ओवा तळहातावर चोळा. वास नाकात भरतो. अर्ध्या दिवसाने तोच हात हुंगा. वास गेलेला असतो, म्हणजेच थायमॉल उडून गेलेलं असतं. संध्याकाळी चारला फवारलेला ओव्याचा अर्क पहाटे तीनला, बीजाणूच्या डोक्यावर घुमट फुगत असताना, पानावर किती उरला असेल? त्यात मावळातला पाऊस. आणि जास्त दिवस टिकावा म्हणून प्रमाण वाढवलं तर भाताचं पानच भाजतं, कारण पडदा भाताच्या पेशीलाही असतो.

हळदीचं तसंच. हळदीतलं कर्क्युमिन बुरशीविरुद्ध काम करतं, पण हळदीचा डाग पडलेलं पातळ धुऊन उन्हात टाकलं की डाग उडतो, हे कुठल्याही घरात माहीत आहे. ऊन कर्क्युमिन तोडतं. शेतात ऊन त्याला सोडून देईल असं मानायला काही आधार नाही. म्हणून सध्याचं बरंचसं संशोधन नवं तेल शोधण्याऐवजी आहे ते तेल बारीक थेंबांत कोंडून हळूहळू सुटेल असं करण्यामागे लागलं आहे. घरच्या मिक्सरमध्ये ते होत नाही.

उन्हाची हीच अडचण एका छोट्या भूछत्रापासून फार मोठी गोष्ट घडवून गेली. युरोपात पाइनच्या गळलेल्या फळांवर उगवणारं एक बारकं भूछत्र आहे. स्वतःच्या खाऊवर दुसऱ्या बुरशा बसू नयेत म्हणून ते स्ट्रोबिल्युरिन नावाचं संयुग सोडतं. १९७७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी ते वेगळं केलं. बुरशीच्या पेशीतलं ऊर्जेचं केंद्रच ते बंद पाडतं. पण उन्हात ठेवलं की काही वेळात संपलं. रसायनतज्ज्ञांनी रेणूचा गाभा तसाच ठेवून बाकीची मोडतोड केली, उन्हात टिकेल असं बनवलं, आणि १९९६ मध्ये अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन बाजारात आलं. आज द्राक्षापासून भातापर्यंत सगळीकडे ते फवारलं जातं. आता हे नैसर्गिक म्हणायचं की रासायनिक? मला विचाराल तर हा वाद घालणाऱ्यांनी आधी दोन्ही रेणूंची चित्रं शेजारी ठेवून बघावीत. अर्थात त्यालाही दाद न देणारा करपा पुढे निघालाच.

दशपर्णी अर्क आणि आंबट ताक यांबद्दलही विचारणा होतेच. दशपर्णी मुळात किडींसाठी. ताकात आम्ल असतं, जिवाणू असतात, त्यामुळे पानाच्या वरच्या बुरशीला थोडा अडथळा होतो, पण पानात घुसलेल्या करप्यापर्यंत ते पोचत नाही. कुणी आवडीने वापरत असेल तर माझा विरोध नाही. पण डोळे दिसल्यावर ताकाच्या भरवशावर आठवडा घालवू नये.

औषध पानावर टिकत नाही हीच जर अडचण असेल, तर औषध बनवणाऱ्यालाच तिथे नेऊन का बसवू नये? सुडोमोनास आणि बॅसिलस हे जिवाणू आणि ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी म्हणजे हाच विचार. सुडोमोनास मुळांभोवती वस्ती करून फेनाझिनसारखी विषं सोडतो आणि आजूबाजूचं लोह बांधून ठेवतो, म्हणजे बुरशीला ते मिळू नये. बॅसिलस साबणासारख्या स्वभावाची संयुगं बनवतो, ती बुरशीच्या पडद्याला भोकं पाडतात. सुडोमोनासची भुकटी दर किलो बियाण्याला १० ग्रॅम चोळायची. ट्रायकोडर्माला प्राणवायू लागतो, साचलेल्या चिखलात ती दमते, त्यामुळे तिचं काम बियाण्यावर आणि रोपवाटिकेत. पाकिटावरची मुदत मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावी. आतले जीव मेले असतील तर आपण बियाण्याला नुसती पावडर लावत असतो. आणि मी पाहिलेली नेहमीची चूक म्हणजे एकाच घमेल्यात रासायनिक बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा. ट्रायकोडर्मा बुरशीच आहे, तिला ते औषध सोडत नाही.

या सगळ्याच्या आधी मिठाचं पाणी. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, त्यात बियाणं ढवळायचं. जे तरंगेल ते पोचट आणि रोगट, ते काढून टाकायचं. तळाशी बसलेलं दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवायचं, सावलीत सुकवायचं आणि मग बाकीची प्रक्रिया करायची. मीठही नैसर्गिक संयुगच, फक्त त्याची जाहिरात कुणी करत नाही.

आता खुद्द भाताकडे येऊ, कारण रोप काही हात बांधून उभं नसतं.

मघाशी कायटिनचा उल्लेख आला. भाताच्या पेशींवर असे संवेदक असतात की कायटिनचे तुटके तुकडे लागले की त्यांना बुरशीची चाहूल लागते. मग भिंती जाड होतात, बचावाची रसायनं तयार होऊ लागतात. कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांपासून जे कायटोसॅन बनवतात, ते फवारल्यावर भाताला खोटी चाहूल देता येते. बुरशी यायच्या आधीच रोप सावध. आपल्या कोकणात एकीकडे भात आणि दुसरीकडे मासळी बाजारातला टरफलांचा ढीग आहे, म्हणून हा विषय मला जवळचा वाटतो. पण करपाही कच्चा नाही. तो एक प्रथिन सोडतो, जे कायटिनचे तुकडे भाताच्या संवेदकापर्यंत पोचण्याआधी स्वतःच गोळा करून टाकतं. चोराने पावलांचे ठसे पुसत जावं तसं.

भात सावध झाल्यावर जी रसायनं बनवतो, त्यांतलं एक म्हणजे मोमिलॅक्टोन. जपानीत 'मोमी' म्हणजे साळ. १९७३ मध्ये हे संयुग प्रथम भाताच्या तुसातून निघालं. शेजारच्या बियांचं रुजणं रोखणारं म्हणून त्याची ओळख झाली. पुढे कळलं की करप्याचा हल्ला झाला की पानही तेच बनवतं. ते तुसातून काढून फवारायचं म्हटलं तर मिळणारी मात्रा अगदी नगण्य. त्यापेक्षा ते लवकर आणि भरपूर बनवणारं वाण निवडणं शहाणपणाचं.

गंमत अशी की बुरशीही भातावर नैसर्गिक संयुगंच वापरते. जपानी शेतकरी 'बाकानाए', म्हणजे मूर्ख रोप, म्हणत असा एक रोग आहे. रोप वेड्यासारखं उंच वाढतं, फिकट पडतं आणि पडून मरतं. १९२६ मध्ये कुरोसावा यांनी दाखवलं की हे बुरशीने सोडलेल्या पदार्थामुळे होतं. त्या पदार्थाला पुढे जिबरेलिन नाव मिळालं. नाशिकचे बागायतदार द्राक्षाचे घड ज्या 'जीए'त बुडवतात, ते हेच.

आणि शेवटी मामांच्या दारातली गोष्ट. भात मातीतून जेवढी सिलिका शोषतो तेवढी फार थोडी पिकं शोषतात. ती पानाच्या कातडीखाली काचेसारखी साठते. पानावरून उलटा हात फिरवल्यावर जो खरखरीतपणा लागतो, त्यात तिचा हात असतो. सिलिका भरलेल्या पानात करप्याची सुई सहज घुसत नाही, आणि हल्ला झाल्यावर रोपाचा प्रतिकारही लवकर जागा होतो. ही सिलिका सगळ्यांत जास्त असते ती तुसाच्या राखेत. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातशेतीचं पहिलं सूत्रच भाताच्या अवशेषांचा फेरवापर हे आहे: तुसाची काळी राख रोपवाटिकेत, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो, आणि पेंढा खाचरात. बुरशी मारणारं यात काही नाही. पण त्या एका रात्रीत सुई बोथट करणारं आहे, आणि ते पावसाने धुऊन जात नाही की उन्हाने उडत नाही.

मामांना त्या दिवशी सांगितलं ते एवढंच: भात पोटरीत आहे, म्हणजे लोंबी अजून पानाच्या वेष्टणात आहे, युरियाचा राहिलेला हप्ता टाकू नका, खाचरातलं पाणी तुटू देऊ नका. बाटलीवर घटकाचं नाव, नोंदणी क्रमांक आणि रंगीत त्रिकोण नसेल तर ती परत करा. त्याऐवजी कासुगामायसिन मागा, लेबलवर लिहिलंय तेवढंच घ्या, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात असताना फवारा, आणि पुढच्या वेळी तेच पुन्हा नको.

बाटली परत घ्यायला दुकानदाराने का-कू केलं म्हणे. मामांनी ती गोठ्याच्या खिडकीत ठेवून दिली आहे. दिवाळीनंतर पुन्हा फोन आला तेव्हा ते भातगिरणीवर उभे होते, मागे यंत्राचा आवाज चालू होता. "अरे, तूस हा फुकट न्या म्हणतोय. दोन पोती बास होतील का चार नेऊ? पण काळी राख म्हणालास ना तू? माझी तर जाळल्यावर पांढरी होते."

काळीच हवी, म्हटलं. धुमसत ठेवा, भडकू देऊ नका.